कोणाचा माणूस, किती रोज : जिनिंगमधल्या एका हाताचा दावा

खाजगी दवाखान्याच्या केसपेपरवर पहिलीच ओळ होती : 'घरी कडबाकुट्टीत उजवा हात अडकला.' ज्याचा हात होता त्याच्या घरी कडबाकुट्टी नाही. गाय नाही, म्हैस नाही, शेळीसुद्धा नाही. तरी तो कागद पुढे अडीच वर्षं त्याच्याविरुद्ध बोलत राहिला. डॉक्टरांनी 'काय झालं' विचारलं तेव्हा हा अर्धवट शुद्धीत होता, आणि उत्तर दिलं ते त्याला गाडीत घालून आणणाऱ्या मुकादमाने.

मी जळगावात कामगारांच्या बाजूने दावे चालवणाऱ्या एका वकिलांच्या ऑफिसात कागद तयार करतो. नोटीस, अर्ज, शपथपत्र, हिशेबाचा तक्ता ही माझी कामं. कोर्टात बोलतात ते साहेब. हे प्रकरण आमच्याकडचं. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव काढून टाकलं आहे, तारखा आणि रकमा थोड्या हलवल्या आहेत. हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी आहे, कारण लोक विचारतात ती तीच.

तो चौतीस वर्षांचा, अमळनेरकडच्या एका खेड्यातला. सातवी शिकलेला. भावाभावांत मिळून दीड एकर कोरडवाहू. दिवाळी झाली की धरणगाव-चोपडा पट्ट्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यावर यायचा, होळीनंतर गावी परत. असे सहा हंगाम झाले होते.

त्या पहाटे

डबल रोलर जीनमध्ये चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रोलर फिरतात. कापसाचे तंतू त्या चामड्याला चिकटून ओढले जातात, सरकी सुरीपाशी अडते आणि दुसरी, वरखाली हलणारी सुरी तिला खाली पाडते. कोरडा कापूस असला की मशीन तासन्‌तास सुरळीत चालतं. ओला असला की रुई रोलरला गुंडाळते आणि जाम होतो. कापूस ओला का असतो यावर जिनिंगवाले आणि शेतकरी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. दव म्हणा, वजनासाठी मारलेलं पाणी म्हणा. डिसेंबरच्या पहाटेला तो ओलाच असतो.

२८ डिसेंबर २०२१, मंगळवार, पहाटे साडेचारचा सुमार. रात्रपाळीचा शेवट. रांगेतल्या एका जीनवर जाम झाला. नियमाप्रमाणे मशीन बंद करून फिटरला बोलवायचं. फिटर गाठींच्या आडोशाला झोपलेला होता. त्या हंगामात कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, पुढे तो क्विंटलला दहा हजारांवर गेला. एक मशीन तासभर थांबलं तरी शेठ सकाळी नाव विचारायचे. रोलरवरचं झाकण हंगाम सुरू झाल्यापासून काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, कारण ते असलं की जाम काढायला वेळ लागतो. याने सगळे करतात तेच केलं. पऱ्हाटीची काडी घेऊन चालू मशीनवरची रुई खरवडू लागला. काडी मोडली आणि हात पुढे गेला.

उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा राहिला.

मुकादमाने त्याला जिनिंगच्या पिकअपमध्ये घालून जळगावला आणलं. १०८ ला फोन केला नाही. केला असता तर रुग्णाला कुठून उचललं याची नोंद आपोआप झाली असती.

दवाखान्यातला स्टँप

दहाव्या दिवशी शेठचे मुनीम शंभराचा स्टँप पेपर टाईप करून घेऊन आले. त्यात मजकूर असा, की 'मी सदर जिनिंगमध्ये कामास नव्हतो, अपघाताशी जिनिंगचा संबंध नाही, केवळ माणुसकीच्या नात्याने मला रुपये साठ हजार रोख मिळाले असून यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.' उजवा हात बँडेजात, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. दवाखान्याचं बिलही शेठनेच भरलं.

त्याची बायको तेव्हा कोपऱ्यात उभी होती. मुनीम गेल्यावर तिने एकच विचारलं, "तुम्ही कामले नव्हतात ते शेठ पैसा कसाले दी ऱ्हायना?"

हे तिने आमच्या ऑफिसात चार महिन्यांनी सांगितलं, तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "हे लिहून घे. उलटतपासात हाच प्रश्न विचारायचा." पुढे विचारलाही. मुनिमांना उत्तर सुचलं नाही.

स्टँप झाला म्हणजे सगळं संपलं असं समजून किती माणसं घरी बसतात याचा हिशेब कोणाकडेच नसेल. म्हणून हे जरा तपशिलात सांगतो. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा तेव्हाचा कायदा. आता तो एका संहितेत गेला आहे, ते शेवटी येईल; इथली कलमं जुन्या कायद्याची आहेत. २०१० च्या जानेवारीपर्यंत त्याचं नाव कामगार नुकसानभरपाई होतं आणि कोर्टाच्या आवारात अजूनही सगळे त्याला 'डब्ल्यू.सी.' म्हणतात. त्याच्या कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार मुळातच रद्दबातल असतो. नोटरीचा शिक्का मारून त्यात जीव येत नाही. तडजोड करायचीच तर कलम २८ प्रमाणे तिचं निवेदन आयुक्तांकडे, म्हणजे हे दावे चालवणाऱ्या न्यायाधीशांकडे, नोंदवावं लागतं, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा फसवणुकीचा वास आला तर आयुक्त ते नाकारू शकतात.

खरी गंमत कलम २९ मध्ये आहे. नोंदणी न करता मालकाने काही पैसे दिले असतील, तर पूर्ण भरपाई त्याच्या डोक्यावर तशीच राहते, आणि दिलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त रक्कम त्याला सहसा वजाही करता येत नाही. म्हणजे साठ हजार दिले, वजा होणार तीस. दवाखान्याचं बिल तर अजिबात वजा होत नाही, कारण उपचारासाठी दिलेले पैसे भरपाई धरले जात नाहीत. शेठने आपल्या मते साठ हजारांत प्रकरण मिटवलं होतं. खरं तर तीस हजार स्वतःच्याच हाताने वाया घालवले होते.

चूक कोणाची, यात कोणी शिरू नये

असे दावे घेऊन लोक ऑफिसात आले की पहिला अर्धा तास एकाच गोष्टीवर जातो. झाकण नव्हतं, फिटर झोपला होता, शेठ दमदाटी करायचे. समोरची बाजूही तेच करते, फक्त उलटं. चालू मशीनमध्ये हात घालायला कोणी सांगितलं होतं?

या कायद्यात तो प्रश्नच नाही. कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघात झाला, तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं किंवा कायमचं अपंगत्व आलं, की मालक देणं लागतो. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगाराचा निष्काळजीपणाही आड येत नाही. सूट आहे ती फक्त दारू-नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणं, एवढ्याच कारणांनी. तीही मालकाने सिद्ध करायची, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही चालत नाही. इथे 'प्यायलेला होता' असं लेखी उत्तरात घातलं गेलंच. केसपेपरवर दारूचा उल्लेख नव्हता, साक्षीला कोणी आलं नाही, मुद्दा गळून पडला.

झाकण काढलं कोणी, याला मात्र थोडी किंमत होती. कामगाराने काढलं असतं तर सूट लागली असती. ते हंगामाच्या पहिल्या दिवसापासून काढलेलं होतं हे शेजारच्या मशीनवरच्या माणसाने सांगितलं. तो पुढच्या हंगामात त्या जिनिंगवर दिसला नाही. त्याला कामावर घेतलं नाही की तो स्वतः गेला नाही, हे आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग भांडण उरतं कशावर? दोन गोष्टींवर. तो कोणाचा माणूस होता, आणि त्याला रोज किती मिळत होता. बाकी सगळं यांच्याच अवतीभोवती.

कोणाचा माणूस

लेखी उत्तराचा पहिला परिच्छेद ठरलेला असतो. 'सदर इसम आमचा कामगार नसून मुकादमाने परस्पर आणलेला रोजंदार असावा.' यातला 'असावा' बघा.

कलम १२ नेमकं याच वाक्यासाठी केलेलं आहे. आपल्या धंद्याचं नेहमीचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, ते त्यांचं त्यांनी बघावं. जिनिंगवाल्याचं जिनिंग हे नेहमीचं काम नाही असं कोण म्हणेल? रोजंदार असण्यानेही बिघडत नाही. पूर्वी नैमित्तिक कामगारांना काही बाबतीत वगळलेलं होतं, २००० च्या दुरुस्तीने ते गेलं.

पण कायदा लागू करायला आधी माणूस त्या फाटकाच्या आत होता हे दाखवावं लागतं. हजेरीपट नाही, पगारचिठ्ठी नाही, ओळखपत्र नाही. मुकादमाच्या खिशातली वही हाच सगळा आस्थापना विभाग. इथे आमच्या माणसाची एक सवय उपयोगी पडली. दर शनिवारी हिशेब झाला की तो वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा, कारण आदल्या हंगामात दोन दिवसांवरून त्यांचं वाजलं होतं. असे सात फोटो होते. नावापुढे बरोबरच्या खुणा, खाली 'उचल २०००', तारीख ४ डिसेंबर.

मुकादम साक्षीला आला आणि म्हणाला, अक्षर माझं नाही. साहेबांनी आयुक्तांच्या परवानगीने त्याला कोऱ्या कागदावर एक ते दहा आकडे लिहायला लावले. त्याचा पाच खालून वळण घेऊन परत वर जायचा, गळासारखा. फोटोतला पाचही तसाच.

तरी मला विचाराल तर फोटोपेक्षा पासबुक जड ठरलं. ४ डिसेंबरला त्याच्या बायकोच्या खात्यात फोनपेने दोन हजार आले होते, पाठवणारा मुकादम. आणि मुकादमाच्या खात्याचा उतारा मागवला तेव्हा त्यात दर शुक्रवारी जिनिंगच्या फर्मकडून मोठी रक्कम जमा झालेली, पुढे शेरा 'लेबर पेमेंट'. शुक्रवारी फर्मकडून मुकादमाकडे, शनिवारी मुकादमाकडून मजुराकडे. साखळी पूर्ण झाली. 'असावा' तिथेच संपला.

कडबाकुट्टी

केसपेपर हा सर्वांत अवघड कागद होता. अपघातानंतर तासाभरात, त्रयस्थ डॉक्टरने, कोणाचा काही स्वार्थ नसताना लिहिलेली नोंद, असं तिचं वजन. हा म्हणतो मी सांगितलंच नाही. पण नोंदीवर 'रुग्णासोबतच्या व्यक्तीने सांगितले' असंही लिहिलेलं नव्हतं.

उत्तर त्याच फाईलच्या आतल्या पानांत मिळालं. शस्त्रक्रियेच्या टिपणात डॉक्टरांनी जखम 'चिरडलेली, कातडी सोलली गेलेली' अशी नोंदवली होती. कडबाकुट्टीचं पातं सहसा ऊस तोडावा तसं तोडतं. डॉक्टर तीन तारखांना आले नाहीत, चौथ्या तारखेला आले आणि पाच मिनिटांत सांगून गेले, की अशी जखम दोन फिरत्या भागांमध्ये हात ओढला गेल्यावर होते. त्यांना कोणाची बाजू घ्यायची नव्हती, ते फक्त घाईत होते.

दुसरी गोष्ट वेळेची. दाखल झाल्याची वेळ सकाळी ५.३५. त्याच्या गावाहून जळगाव दीड तासाच्या आत होत नाही. म्हणजे घरी अपघात झाला असेल तर तो चारच्या आत झाला पाहिजे, आणि डिसेंबरच्या थंडीत पहाटे पावणेचारला, नसलेल्या गुरांसाठी, नसलेल्या यंत्रावर हा माणूस कडबा कापत होता असं धरावं लागतं. ग्रामपंचायतीचा दाखला जोडला की कुटुंबाकडे जनावरं नाहीत. दाखला देताना ग्रामसेवक हसले होते. असला दाखला त्यांच्याकडे याआधी कोणी मागितला नव्हता.

तेव्हाच्या कारखाने अधिनियमाप्रमाणे अठ्ठेचाळीस तास किंवा त्याहून जास्त काम बुडवणाऱ्या अपघाताची सूचना मालकाने द्यायची होती. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात विचारलं, तर अशी सूचना आलेली नाही असं लेखी मिळालं. पोलिसांत तक्रार झालेली नव्हती. भरपाईच्या दाव्याला ती लागतच असते असं नाही, पण वेळीच एक जबाब नोंदला गेला असता तर कडबाकुट्टीवर आमचं एक वर्ष गेलं नसतं.

ईएसआयचा फास

मध्येच शेठने वकील बदलला आणि नवीन वकिलांनी खरोखर हुशार मुद्दा काढला. कामगार राज्य विमा कायदा, म्हणजे ईएसआय, लागू असेल तर त्याच्या कलम ५३ मुळे या कायद्याखाली भरपाई मागताच येत नाही. दहा किंवा जास्त माणसांचा कारखाना, एकवीस हजारांच्या आत पगार, म्हणजे हा विमेदार कामगार. नोंदणी केली नसली तरी. त्याने विमा महामंडळाकडे जावं. दावा इथेच फेटाळा.

मालकाने स्वतः नोंदणी करायची नाही, वर्गणी भरायची नाही, आणि त्याच गोष्टीचा आधार घेऊन कामगाराला दारातून परत पाठवायचं. राग येतो, पण कायद्याच्या दृष्टीने मुद्दा पोकळ नव्हता. अशा प्रकारे फेटाळलेले दावे आम्ही पाहिले आहेत.

आमचा बचाव कापसातच होता. ईएसआय कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत जी थोडी कामं नावाने दिली होती त्यांत कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग (रुईच्या गाठी बांधणं) होतं, साखर आणि गूळही होता. अट एकच. कारखाना 'केवळ' त्याच कामात असला पाहिजे.

तो केवळ त्याच कामात नव्हता. एकाच कंपाउंडमध्ये मागच्या बाजूला सरकीची ऑइल मिल होती, बारमाही चालणारी. त्या दिवशी ऑफिसात कोणी चहाही मागवला नाही.

सुटका शेठच्याच कागदांतून झाली. ऑइल मिल घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या नावाने वेगळी फर्म होती. वेगळा जीएसटी क्रमांक, वेगळं वीज मीटर, वेगळा कारखाना परवाना, मधोमध तारेचं कुंपण. कराच्या आणि कर्जाच्या सोयीसाठी इतकी वर्षं दोन वेगळे धंदे म्हणून दाखवले, आता एका हातासाठी ते एक कसे होणार? जिनिंगचे वीज बिल मागवले. एप्रिल ते ऑक्टोबर युनिट जवळजवळ शून्य. हंगामी कारखाना, याहून स्वच्छ पुरावा मी पाहिला नाही. मुद्दा फेटाळला गेला.

यातून निघणारा उपयोगी भाग असा, की अर्ज करण्याआधी ईएसआय लागू आहे का हे पाहून घ्यावं. लागू असेल तर तिकडेच जावं. तिथे एकरकमी नाही, पण कायमच्या अपंगत्वाला आयुष्यभर दरमहा मिळतं, आणि ते काही कमी नाही. चुकीच्या दारात दोन वर्षं काढणं वाईट.

रोजाचा हिशेब

शेठ म्हणाले रोज तीनशे, वहीत पाचशे. वही आधीच शाबीत झाली होती, त्यामुळे वाद लांबला नाही. पण पाचशे गुणिले सव्वीस असं सरळ होत नाही. वर्षभर नोकरी नसेल तर कलम ५ प्रमाणे अपघाताआधीच्या सलग कामाच्या काळातली एकूण मजुरी घ्यायची, तिला तीसने गुणायचं आणि त्या काळाच्या दिवसांनी भागायचं. तो ८ नोव्हेंबरला आला, २७ डिसेंबरपर्यंत पन्नास दिवस झाले. त्यात भरले चव्वेचाळीस, मजुरी २२,००० रुपये. गुणिले तीस, भागिले पन्नास, म्हणजे मासिक वेतन १३,२००. ३ जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० होती, त्याआधी ८,०००. हे त्याच्या आत बसलं.

पुढे सोपं आहे. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला वेतनाच्या साठ टक्के, म्हणजे ७,९२०, गुणिले वयाचा गुणक. चौतिसाव्या वर्षी तो १९९.४० आहे. उत्तर १५,७९,२४८. एका हाताची चारही बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात पन्नास टक्के लिहिलेले आहेत, म्हणून ७,८९,६२४. परिशिष्टातली जखम असली की हा टक्का ठरलेला असतो. सिव्हिलमधून मिळणाऱ्या अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का वेगळ्या कामासाठी असतो आणि तो इथे मोजायचा नसतो. दोन्हींची सरमिसळ आमच्याकडे येणारे बहुतेक जण करतात.

इथे आमची चूक झाली, ती सांगतो. आम्ही शंभर टक्के मागितले होते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या प्रकरणात, डावा हात कोपराच्या वरून गेलेला असताना, सुताराला एका हाताने सुतारकी करता येत नाही म्हणून ते पूर्ण अपंगत्व धरलं. तोच आधार घेतला. पण हा माणूस आता काय काम करू शकतो आणि काय नाही, यावर आम्ही एकही साक्षीदार दिला नाही. कापूस वेचता येतो का, पाटी उचलता येते का, विळा धरता येतो का, हे गावातला कोणीही शेतकरी येऊन सांगू शकला असता. आम्ही फक्त युक्तिवाद केला. आयुक्तांनी पन्नासच धरले, आणि समोर होता तेवढ्या पुराव्यावर ते बरोबरच होतं.

निकाल आणि पैसे

आयुक्त म्हटलं की लोक महापालिका शोधतात. आपल्याकडे जिल्ह्यात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात, दिवाणी न्यायालयाला यात अधिकार नाही. जुन्या कायद्यात अर्ज दोन वर्षांत करायचा होता, अपघात झाला तिथे किंवा कामगार राहतो तिथे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. आम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये अर्ज केला, आदेश २८ ऑगस्ट २०२४ चा. यातला बराच वेळ समन्स न बजावलं जाणं, डॉक्टरांच्या तारखा आणि वकील बदलणं यांत गेला.

आदेशात भरपाई ७,८९,६२४, वजा तीस हजार. अपघाताच्या दिवसापासून बारा टक्के व्याज, आदेशापर्यंत सुमारे २,५२,६८० रुपये, पुढचं पैसे जमा होईपर्यंत. मुदतीत पैसे न दिल्याबद्दल दंड पन्नास टक्क्यांपर्यंत लावता येतो, इथे वीस टक्के लागला, १,५७,९२५. नंतरच्या औषधोपचाराची बिलं होती तेवढी, १४,२६०. ज्यांच्या पावत्या नव्हत्या ते गेले. एकूण पावणेबारा लाखांच्या थोडं वर.

विमा कंपनी या प्रकरणात नव्हती. जिनिंगला कोट्यवधींचा आगीचा विमा होता, कापसाच्या एकेका गाठीचा हिशेब लावून काढलेला. मजुरांची पॉलिसी नव्हती. असती तरी दंड मालकालाच भरावा लागतो, भरपाई आणि व्याज कंपनी देते. त्या पॉलिसीचा हप्ता तुलनेने किरकोळ असतो, हे शेठला त्यांच्याच वकिलांनी निकालानंतर सांगितलं म्हणे.

अपील औरंगाबाद खंडपीठात, साठ दिवसांत, आणि तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. मुख्य म्हणजे मालकाला आदेशाची रक्कम आधी जमा करून तसं प्रमाणपत्र अपिलाला जोडावं लागतं. ही अट कामगाराच्या फार कामाची आहे. शेठने पंचावन्नाव्या दिवशी पैसे भरले, आणि भरल्यावर अपिलाचा उत्साह मावळला. नसते भरले तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली लागली असती, आणि आपल्या सातबाऱ्यावर तहसीलदाराचा बोजा चढणं इकडच्या कुठल्याच शेठला परवडत नाही.

हाच अपघात आज झाला तर कागदावरचं कायद्याचं नाव वेगळं असेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात गेला. साठ टक्के आणि गुणक ही रीत राहिली, हंगामी कारखाने ईएसआयबाहेर राहिले. घरून कामावर येता-जाताना झालेला अपघात, कामाशी संबंध दिसत असेल तर, आता संहितेतच घातलेला आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालीही तसंच म्हटलं होतं, ते प्रकरण उस्मानाबादकडच्या साखर कारखान्याच्या वॉचमनचं होतं. पण वही, फोटो आणि पासबुक यांची गरज कुठल्याच संहितेने कमी केलेली नाही.

पैसे त्याच्या खात्यात जमा झाले आणि त्याला मुदत ठेव करायची होती. बँकेत सही जुळेना. खातं उघडलं तेव्हा त्याने उजव्या हाताने सही केलेली होती. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, अंगठा चालेल, पण मग दर वेळी स्वतः यावं लागेल आणि सोबत साक्षीदार. तो म्हणाला, "मी अंगठा देस नही. मले लिखता येस." दोन महिने मुलीच्या वहीत डाव्या हाताने नाव गिरवून आला होता.

नमुना सही बदलण्याचा फॉर्म मी भरून दिला. दोन फोटो, आधारची प्रत, सिव्हिलचा दाखला. फॉर्मवर सहीचे तीन चौकोन होते. तिसऱ्यात शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं. बाईंनी क्षणभर पाहिलं आणि शिक्का मारला.